वाद्य ताब्यात मिळाले

सोम. २१ ऑगस्ट १९९५. शेवटचा श्रावणी सोमवार

सुट्टी. सकाळच्या पॅसेंजरने कोरेगाव. सुमनवहिनींनी बोलावलं होतं. त्यांचा नवरा शंकर जाऊन दीड महिना झाला. दहाव्याला गेलो होतो तेव्हा नुसतं बसून आलो, बोलणं झालं नाही.

शंकर आणि मी गावच्या शाळेत एका पाटावर. पुढे मी कुपवाडला फाउंड्रीच्या टाइम ऑफिसात चिकटलो, त्याने कोरेगावात बँड काढला. दोघांनी जन्मभर माणसंच सांभाळली, असं आज गाडीत मनात आलं. मी कागदावर सांभाळली. त्याने कशी, ते कधी विचारलं नाही.

वहिनींनी उपवासाचा म्हणून राजगिऱ्याचा लाडू दिला. मी कागदात बांधून घेतला. मग त्यांनी सरळ विषयाला हात घातला. कराडचा एक मोठा बँडवाला माणसं फोडतोय. त्याच्याकडे दिव्यांची गाडी आहे, लाल कोट आहेत. क्लॅरिनेटवाले यासीन मास्तर गेले तर बाकीचे दहाही जातील. तुळशीच्या लग्नापासून मोसम. त्याच्या आत बँड मोडला तर परत जुळायचा नाही. पदरात दोन मुली, धाकटी दहावीला. दुसरा आधार नाही.

"भावजी, तुमच्या कारखान्यात एवढी माणसं कशी टिकत्यात?"

म्हटलं, नियम असतात. नेमणूकपत्र, हजेरी, रजा.

"मग तेच मला लिहून द्या. माझ्या तोंडाकडं बघून कोण थांबणार? वरातीच्या पुढं मी कवा उभी न्हाई ऱ्हायले."

हो म्हटलं. निघताना त्यांची कचेरी बघितली. एक लोखंडी पेटी, एक कॅलेंडर, तारखांभोवती लाल गोल. अकरा माणसं, अठरा वर्षं, एकही कागद नाही. चाललं कसं?

बुध. २३ ऑगस्ट

ऑफिसातले कोरे छापील फॉर्म चाळले. 'हुद्दा' या रकान्यात फिटर, मोल्डर, हेल्पर, शिपाई. वाजवणाऱ्याला काय लिहायचं? 'वादक' लिहून बघितलं. कागदावर परकं दिसलं.

सोम. ४ सप्टें. गणपतीचा सातवा दिवस

कोरेगावला. बँडची मंडळी विसर्जनाला निघायच्या आधी तास-दोन तास मिळाले. प्रत्येकाला विचारलं, तुमचं काम नेमकं काय? वहीत लिहून घेतलं.

तुकाराम, साइड ड्रम. शिवाय गॅसबत्त्यांना पंप मारणं, घोडा बुजला तर धरणं, वरातीत भांडण लागलं तर मध्ये पडणं. "आन नवरदेवाचा मामा नाचायला लागला की त्याच्याकडं बघून खोटं हसणं. ते बी लिवा, लय कष्टाचं हाय."

गणपतनाना पूर्वी ट्रम्पेटवर होते. पुढचे दात पडले, फुंक निसटायला लागली. आता झांजा वाजवतात. विचारलं, खालच्या कामावर आल्यासारखं वाटतं का? म्हणाले, खालचं कसं? झांज चुकली तर अकराही चुकतात, ट्रम्पेट चुकला तर एकटा चुकतो. आमच्याकडे अठ्ठावन्नला निवृत्ती. यांच्याकडे दात पडले की बदली. वय कुणी विचारतच नाही.

यासीन मास्तर शेवटी बसले. उंच, सडपातळ, साठीच्या आत-बाहेर. शंकरबरोबर पहिल्या दिवसापासून. बोलतात कमी. विचारलं, नवा माणूस घेताना पारख कशी करता? वाजवायला लावता?

"वाजवाय न्हाई लावत. चालाय लावतो. आमच्या मधनं. गटार आलं, बैल आडवा आला, तरी पाय तालात पडतोय का बघायचं. वाजवायला मागनं शिकवता येतं."

बावीस वर्षं उमेदवारांचे अर्ज पाहतोय. पायाकडे कधी पाहिलं नाही.

गुरु. ७ सप्टें.

नियमावली तयार केली. एकूण चौदा. काही इथे टिपून ठेवतो. नियम ४: कार्यक्रमाआधी अर्धा तास हजर. नियम ७: रजेचा अर्ज आठ दिवस आधी. नियम ९: वाद्य संस्थेच्या मालकीचे, ताब्यात घेताना रजिस्टरवर सही. नियम ९ मला सगळ्यात आवडला. नीटस झाला आहे.

सौ. ला वाचून दाखवली. तिने विचारलं, वाद्यांची पूजा आता कोण करणार? म्हटलं, वहिनीच. ती म्हणाली, पहिलं वर्ष, लग्नाकार्याला जाणारी वाद्यं, त्यांनी पुढे होणं बरं दिसेल का?

मी गप्प राहिलो. गप्प राहिलो म्हणजे पटलं, असंच घरात धरतात. आणि खोटं कशाला लिहू, पटलंच होतं.

सोम. ११ सप्टें. पितृपक्ष

बँडला काम नाही, सगळे मोकळे. पडवीत बसवून नियमावली वाचली. वहिनी आत, दाराआड.

नियम ४ ला तुकाराम उठला. "आवं सायेब, नवरदेव दोन तास उशिरा घोड्यावर बसला तर लेट मार्क कुणाला लावायचा? घोड्याला?" सगळे हसले, मीही हसलो. नियम ७ ला गणपतनाना म्हणाले, पोटात दुखायचं असेल तर आठ दिवस आधी कळवत जाईन.

मास्तर हसले नाहीत, विरोधही केला नाही. एवढंच विचारलं, "ह्ये वैनींनी सांगितलंय का?" आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला, बांगडीचा नाही. मी म्हटलं, हो. "मग हरकत न्हाई."

परतीच्या गाडीत प्रश्न पडला. मास्तरांनी 'हे योग्य आहे का' असं विचारलं नाही. 'कुणी सांगितलं' एवढंच विचारलं. माझ्या कारखान्यात नेमकं उलटं असतं. तिथे कुणी सांगितलं हे सगळ्यांना माहीत असतं, भांडतात ते योग्य आहे का यावरून.

गुरु. २१ सप्टें.

गणपती दूध पितो म्हणून सकाळपासून गाव लोटलं. पहिल्या पाळीला निम्मी माणसं. हजेरीपत्रकावर कारण काय लिहू विचारलं तर साहेब म्हणाले, लिहा काहीतरी. मी जेवणाच्या सुट्टीत वाटी घेऊन रांगेत उभा राहिलो. सायरन झाला तसा दूध तसंच घेऊन परतलो, चहात घातलं. वाईट वाटलं नाही. देवाला माझी वेळ माहीत आहे.

सोम. २५ सप्टें. घटस्थापना

घरी घट बसवून दुपारी को. वाद्यांना नंबर घालून रजिस्टर करायचंय, सगळी एकत्र कधी मिळतील? वहिनी लगेच म्हणाल्या, खंडेनवमीला. त्या दिवशी चिंच-राख लावून घासून सगळी पूजेला आणतात. "पूजा झाली की लगेच ज्याची त्याला देऊन टाका. सह्या घ्या. दसऱ्याची वाट बघू नका."

'दसऱ्याची वाट बघू नका' हे त्या तीनदा म्हणाल्या. घाई का, हे मी विचारलं नाही. महिनाभर सगळ्यांना सगळं विचारत सुटलोय, हे मात्र विचारावंसं वाटलं नाही. नवमी सोमवारीच येते, माझी सुट्टी. सोयीचंच होतं.

सोम. २ ऑक्टो. खंडेनवमी

को. पडवीत घोंगडी अंथरलेली, तिच्यावर ओळीने वाद्यं. पितळ असं झळकत होतं की बघणाऱ्याचं तोंड दिसावं. पूजा गणपतनानांनी केली. झेंडूच्या माळा. नारळ.

मग मी टेबल मांडलं. तांबड्या रंगाने नंबर घालून ठेवलेच होते. एकेकाचं नाव पुकारलं, वाद्य हातात दिलं, रजिस्टरवर सही. रकान्याचं शीर्षक, 'वाद्य ताब्यात मिळाले'. तुकारामने सही करून शाई केसांना पुसली. दोन अंगठे. मास्तर शेवटी आले. सही ठसठशीत, बाळबोध. क्लॅरिनेट घेण्याआधी दोनदा आतल्या दाराकडे पाहिलं. मला वाटलं पाणी हवंय. विचारलं, तर नको म्हणाले.

अकरा वाद्यं, अकरा सह्या. घोंगडी रिकामी. मन प्रसन्न. आज मुक्काम इथेच, भाच्याकडे.

मंगळ. ३ ऑक्टो. दसरा

जे झालं ते क्रमाने लिहितो.

आठला निरोप घ्यायला वहिनींकडे गेलो. थोरल्या मुलीने सवयीने पडवीत घोंगडी अंथरली होती. एवढ्यात यासीन मास्तर आले. धुतलेला पायजमा, टोपी, कापडात गुंडाळलेलं क्लॅरिनेट. कापड सोडलं. क्लॅरिनेट घोंगडीवर ठेवलं. एकटंच.

"सायेब, काल सही घेतलीसा. पण मला दिलं कुणी?"

म्हटलं, संस्थेनं दिलं.

"संस्था कोण? तिला हात हायत का?"

रागाने नाही. खरंच विचारत होते. मग त्यांनी सांगितलं ते असं. नवमीला वाद्यं घोंगडीवर ठेवायची, ती रात्रभर तिथेच राहतात. दसऱ्याला सकाळी शंकर एकेक उचलून ज्याच्या त्याच्या हातात द्यायचा, हळदकुंकू, विड्याचं पान आणि साखरेसकट. घेतलं की माणूस पुढच्या दसऱ्यापर्यंत बँडचा. ज्याला सोडून जायचंय तो त्या सकाळी यायचाच नाही, त्याला कुणी बोलवायला जात नसे. आणि शंकरला कुणी नको असेल तर त्याचं वाद्य तो घोंगडीवरच राहू द्यायचा. माणूस उठून जायचा. वर्षभर दोघं रस्त्यात भेटले तरी नमस्कार चुकत नसे.

अठरा वर्षांची नेमणूकपत्रं आणि राजीनामे या घोंगडीवर होत होते. आणि मी आदल्या दिवशी ती मोकळी केली.

मास्तर क्लॅरिनेट तिथेच ठेवून गेले.

आत गेलो. वहिनी चुलीपाशी. म्हटलं, हे मला सांगितलं का नाही? त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"मला वाटलं, सहीनं भागंल. माझा हात लागायला नको."

बुध. ४ ऑक्टो.

ऑफिस. मास्तरांची आजची हजेरी काय लागेल? ते बँडमध्ये आहेत की नाहीत? सही आहे, म्हणजे आहेत. वाद्य घोंगडीवर आहे, म्हणजे नाहीत. हजर, गैरहजर, रजा. चौथा रकाना शोधत बसलो. साहेबांनी विचारलं, काय हरवलं?

सौ. ला सगळं सांगितलं. तिने फक्त विचारलं, मग त्या देणार का?

सोम. ९ ऑक्टो.

को. थेट मास्तरांच्या घरी. मशिदीमागे दोन खोल्या. त्यांच्या बायकोने, हसीनाभाभींनी, चहा दिला. मी माफी मागितली. ते म्हणाले, तुमची चूक न्हाई, तुमाला ठावं न्हवतं.

कराडवाला दोनदा येऊन गेला. दुसऱ्या खेपेला लाल कोट घेऊनच आला होता, मापाचा. त्याला काय सांगितलं विचारलं.

"म्हटलं, माझं वाद्य घोंगडीवर हाय. मी सुटलेलो न्हाई आन बांधलेलो बी न्हाई. जवर कुणी ते उचलून देत न्हाई, न्हाईतर उचलून आत ठेवत न्हाई, तवर मला कुठंच जाता यायचं न्हाई."

किती दिवस थांबणार? तुळशीच्या लग्नापर्यंत, म्हणाले. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पेठेतल्या देवळाची मिरवणूक असते, दरवर्षी पहिला मान आपल्या बँडला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दिलं नाही तर वैनींना नको आहे असं समजणार. मग कराड.

मग मी जे बोलायला गेलो होतो ते बोललो. वहिनींचं पहिलं वर्ष. हळदीकुंकू, विडा, हे त्यांच्या हातून कसं व्हायचं. मास्तरांनी बशी खाली ठेवली.

"सायेब, मी मुसलमान माणूस. मला कुंकू कोण लावत हुतं? बाकीच्यांस्नी हळद, पान, साखर. मला अठरा वर्षं नुसता हात मिळाला. शंकरअण्णा देताना डोळ्यात बघायचे. औंदा राग हाय का भरवसा हाय, तेवढ्यात कळायचं. तेच पायजे. दुसरं काय मागितलंय मी?"

चहा निवला होता. तसाच प्यालो.

सोम. १६ ऑक्टो.

मास्तरांचं म्हणणं वहिनींना शब्दाला शब्द सांगितलं. ऐकून घेतलं. मग एकदम बोलल्या, कधी नव्हे त्या जोरात:

"तुमाला बोलायला सोपं हाय. उद्या लग्नघरात कुणी म्हटलं, ह्या वाद्याला रंडकीचा हात लागलाय, तर? मास्तर ऐकून घेतील. नवरीची आई घेईल का? ज्या घरात हळद लागली तिथं माझ्या हातचं वाद्य वाजवायचं, आन काय झालं तर जन्मभर मी ऐकायचं?"

मी म्हटलं, लोक काय म्हणतील याचा विचार किती करायचा.

"तुमी लोकात न्हाई व्हय?"

उठलो. पडवीत क्लॅरिनेट तसंच. थोरली मुलगी रोज त्याच्यावरची धूळ पुसते, पण उचलून नाही, आहे तिथेच.

गुरु. १९ ऑक्टो.

'तुमी लोकात न्हाई व्हय' हे तीन दिवस डोक्यात आहे.

लिहूनच टाकतो. ऑगस्टात वहिनींनी दिलेला लाडू उपवासाचाच होता. खायला हरकत नव्हती. मी कागदात बांधून घेतला आणि सांगलीला फलाटावर एका भिकारणीला देऊन टाकला. तेव्हा मनाला सांगितलं, दान झालं. दान नव्हतं ते. श्रावणी सोमवार आणि त्या हातचा, एवढंच होतं. रोज पहाटे पोथी वाचतो. बावीस वर्षं. त्यात कुठे लिहिलंय असं? आठवून आठवून बघितलं. नाही लिहिलेलं.

मंगळ. २४ ऑक्टो.

सकाळी ग्रहण. घरातच बसून जप. बाहेर उजेड विचित्र झाला, कावळे गप्प.

तुकारामचं कार्ड आलं, पेन्सिलने: 'सायेब, तुमच्या नियमात बसतं का बघा. आमी दहा जनांनी सही केली ती खरी. पन मास्तर न्हाईत तर कुनाकडं बगून वाजवायचं? दोगं कराडला जाऊन आले. मी गेलो न्हाई. माजं पाय दुकतात.'

त्याचे पाय दुखत नाहीत. पेठेतून नाचत जातो तो.

सोम. ३० ऑक्टो.

को. रजिस्टर बरोबर नेलं. वहिनींना आत जाऊन म्हटलं, वहिनी, तुमची परवानगी असेल तर मी हे रद्द करतो. नियम माझे होते, चूक माझी. मास्तरांना द्या किंवा देऊ नका, तो तुमचा हक्क आहे. पण या सहीच्या आड तुम्हाला उभं करून ठेवणं मला जमायचं नाही. आणि लाडवाचंही सांगितलं. सांगताना खाली बघत होतो.

त्या म्हणाल्या, "ठावं हाय मला. खाल्ला असता तर चव सांगितली असतीत."

मग म्हणाल्या, करा रद्द.

दहाही जणांना बोलावलं होतं. त्यांच्यादेखत पानावर तिरकी तांबडी रेघ मारली, 'रद्द' लिहिलं, खाली माझी सही. म्हटलं, आता तुमच्यावर कुणाचं बंधन नाही. कराडला जायचं असेल त्याने जावं. वाटलं, निम्मे उठतील. तुकाराम उठला. मला वाटलं झालं. तो घरी जाऊन ड्रम घेऊन आला आणि क्लॅरिनेटच्या शेजारी ठेवला. मग गणपतनानांच्या झांजा. एकामागून एक. ते कराडला जाऊन आलेले दोघंही. त्यांच्यातल्या एकाला तुकाराम म्हणाला, "लाल कोट मापात बसला न्हाई व्हय रं?" तो आपलं भलंमोठं पितळी युफोनियम ठेवून बाजूला झाला.

अकरा पुरी झाली. वहिनी दारात आल्या, सगळ्यांकडे बघितलं आणि आत गेल्या. दार लोटून घेतलं.

मिरवणूक पुढच्या सोमवारी.

शनि. ४ नोव्हें. द्वादशी

घरी तुळशीचं लग्न. ऊस, चिंचा, बोरं. अक्षता टाकताना सौ. म्हणाली, दिलं का त्यांनी? हल्ली रोज विचारते. म्हटलं, नाही. मंगलाष्टकं संपल्यावर म्हणाली, "या लग्नात तरी कोण नवरीची आई आहे? त्यांनी द्यावं." दोन महिन्यांपूर्वी हीच काय म्हणाली होती त्याची मी आठवण करून दिली नाही. माझं मलाही आठवायला नको आहे.

सोम. ६ नोव्हें. को.

हे वहिनींच्या पडवीत बसूनच लिहितोय.

दहाला पोचलो. दहाही जण आलेले, धुतलेले कपडे. घोंगडीवर अकरा वाद्यं. मिरवणूक सहाला. मास्तर नव्हते, त्यांना कुणी बोलवायला जाणार नाही, तशी रीतच नाही. तुकारामने तोंडात तंबाखू धरून ठेवली होती.

अकराच्या सुमाराला वहिनी बाहेर आल्या. तबक नाही, पान नाही. साधं नेसणं. घोंगडीपुढे उभ्या राहिल्या. मग खाली वाकून क्लॅरिनेट दोन्ही हातांनी उचललं. मला वाटलं, आता कुणाला तरी म्हणतील, नेऊन द्या. तसं काही म्हणाल्या नाहीत. पायरी उतरून गल्लीला लागल्या. मी उठलो तर मागे न बघता म्हणाल्या, "तुमी बसा भावजी."

मालकाने वाद्य घेऊन वादकाच्या घरी जायचं, असं अठरा वर्षांत झालेलं नाही, गणपतनाना म्हणाले. चांगलं की वाईट ते म्हणाले नाहीत. भर पेठेतून गेल्या असणार, मशिदीकडे दुसरा रस्ता नाही.

बाराच्या पुढे परत आल्या. क्लॅरिनेट हातातच.

मास्तर घरी नव्हते. सकाळीच बाहेर पडले, कुठे ते सांगून गेले नाहीत. हसीनाभाभी म्हणाल्या, माझ्याकडं द्या, आल्यावर देते. वहिनी म्हणाल्या, न्हाई.

मी जागा करून दिली, घोंगडीवर ठेवा म्हटलं, हात दुखले असतील.

"आता खाली ठेवायचं न्हाई," म्हणाल्या, आणि पायरीवर बसल्या. क्लॅरिनेट मांडीवर, दोन्ही हात त्याच्यावर. येणारा-जाणारा बघतोय. समोरच्या माडीवरून एक बाई बराच वेळ बघत होती, वहिनींनी वर बघितलं तशी ती आत गेली. मुलीने पाणी आणलं. एका हाताने प्याल्या.

मास्तर कुठे गेले असतील? तुकाराम म्हणतो, नमाजाला. एक जण म्हणतो, नदीकडे. कराडची एस.टी. सकाळी असते, हे कुणीच बोलत नाही.

माझी परतीची गाडी गेली. उद्या ऑफिसला काय सांगायचं ते बघू.

पाच वाजायला आले. देवळापुढे मांडव झाडतायत, आवाज इथपर्यंत येतोय. गल्लीच्या तोंडाशी सायकल वळली की दहाही माना तिकडे वळतात, वहिनींचीसुद्धा. मास्तरांकडे सायकल नाही. ते चालत येतात.